टंचाईचं टेल कुणाच्या दारात? किरणोत्सारी औषधांचा प्रश्न आणि आंबेडकरी चळवळ



टंचाई म्हणजे काय, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण आहे. ते १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, उसावर कारखाने उभे राहिले आणि कारखान्यांवर पुढारी उभे राहिले. त्याच जिल्ह्यात पाथर्डी-जामखेडकडे उन्हाळा लागला की लोक टँकरची वाट बघतात. कालव्यावरसुद्धा हेडच्या माणसाचं रान भिजतं आणि टेलच्या माणसाची चारी कोरडी राहते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : यंदा पाणीच कमी आहे.

पाणी कमी असतं हे खरं. पण ते कुणाला कमी पडायचं, हे पाऊस ठरवत नाही. चवदार तळं आटलं होतं म्हणून १९२७ ला महाडचा सत्याग्रह झाला नव्हता. तळ्यात पाणी होतं, आपल्यासाठी वाट बंद होती.

आज मला अशाच एका टंचाईबद्दल लिहायचं आहे. कर्करोग, हृदयविकार, किडनीचे आजार यांच्या तपासणीला लागणाऱ्या किरणोत्सारी औषधांची ही टंचाई. आपल्या सभांमध्ये, अभ्यासवर्गांमध्ये, व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर कुणी बोलत नाही. बोलायला हवं, असं माझं म्हणणं आहे. आणि हा विषय डॉक्टर-शास्त्रज्ञांवर सोडून दिला तर टंचाईचं टेल पुन्हा आपल्याच वस्तीच्या दारात येणार, हेही माझं म्हणणं आहे.

वाटेतच झडणारं औषध

कर्करोग हाडांपर्यंत पोचला आहे का, हृदयाच्या कुठल्या भागाला रक्त कमी पडतंय, दोन किडन्यांपैकी कुठली किती काम करते, हे बघण्यासाठी रुग्णाच्या शरीरात अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ सोडतात. तो त्या त्या अवयवात जाऊन बसतो, त्यातून निघणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो आणि चित्र तयार होतं. एक्स-रे मुख्यतः अवयवाचा आकार दाखवतो. ही तपासणी अवयवाचं काम दाखवते. जगभरात होणाऱ्या अशा तपासण्यांपैकी सुमारे ८० टक्के तपासण्यांना एकच पदार्थ लागतो : टेक्नेशियम-९९एम.

टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचं. म्हणजे दर सहा तासांनी ते निम्मं होतं आणि २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो. रुग्णासाठी हे चांगलं, कारण ते शरीरात फार काळ राहत नाही. पण त्यामुळेच ते साठवून ठेवता येत नाही. ते ज्यापासून तयार होतं तो मोलिब्डेनम-९९ जरा जास्त टिकतो, त्याचं अर्धायुष्य ६६ तासांचं. शिशाच्या कवचात मोलिब्डेनम भरलेला जनरेटर रुग्णालयात पोचवतात आणि त्यातून रोज सकाळी ताजं टेक्नेशियम काढून घेतात. जगभरातले तंत्रज्ञ या जनरेटरला गमतीने 'गाय' म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला दूध काढणं. आपल्या देशात गाईच्या नावाने रस्त्यावर माणसं मारली जातात. या गाईला चारा कुठून येतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

तो चारा येतो जगातल्या मोजक्या, म्हाताऱ्या झालेल्या अणुभट्ट्यांतून. कॅनडाची एनआरयू १९५७ ची, नेदरलँड्समधल्या पेटनची भट्टी १९६१ ची, दक्षिण आफ्रिकेची सफारी-१ ही १९६५ ची. मे २००९ मध्ये एनआरयूत जड पाण्याची गळती सापडली आणि ती पंधरा महिने बंद राहिली. त्याच काळात, २०१० मध्ये, पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी कित्येक महिने बंद होती. जगाचा निम्म्याहून जास्त पुरवठा या दोन भट्ट्यांवर होता. जगभर तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. एनआरयू २०१८ मध्ये कायमची बंद झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पेटनची भट्टी वेळेवर सुरू होऊ शकली नाही आणि पुन्हा तोच प्रकार. मार्च २०२० मध्ये तर भट्ट्या चालू होत्या, पण कोरोनामुळे विमानंच थांबली. जो माल दर तासाला सुमारे एक टक्का झडतो आणि आठवड्याभरात सहावा हिस्सा उरतो, तो विमानतळावर अडकला म्हणजे संपलाच.

भारताचं काय? आपल्याकडे मुंबईच्या ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथली ध्रुव ही १०० मेगावॅटची संशोधन अणुभट्टी १९८५ पासून आहे. जुन्या अप्सरेच्या जागी २०१८ साली अप्सरा-यू आली. १९८९ मध्ये स्थापन झालेली 'ब्रिट' ही सरकारी संस्था नवी मुंबईतल्या वाशीहून देशभरच्या रुग्णालयांना किरणोत्सारी औषधं पुरवते. थायरॉईडसाठी लागणारं आयोडीन-१३१, हाडांच्या वेदनेवरचं समारियम-१५३, कर्करोगावरच्या नव्या उपचारांतलं ल्युटेशियम-१७७ हे सगळं ट्रॉम्बेत बनतं. म्हणजे ज्ञान आहे, यंत्रं आहेत, माणसं आहेत. तरीही सगळ्यात जास्त लागणाऱ्या टेक्नेशियम जनरेटरसाठी चांगल्या प्रतीचा मोलिब्डेनम वर्षानुवर्षं परदेशातून आणत राहिलो. पेटनला पाइप बिघडला की त्याचा फटका इथल्या रुग्णाला बसायचा.

अंतर किलोमीटरचं की उतरंडीचं?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. इथल्या कर्करोगाच्या रुग्णाला आपण कार्यकर्ते कुठे घेऊन जातो? पुण्याला, नाहीतर थेट परळला, टाटाला. त्याच परळमध्ये अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तिथेच सुरू झाला. त्याच परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची कित्येक वर्षं काढली. आज त्या रस्त्यांच्या फुटपाथवर खेड्यापाड्यातले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पथाऱ्या टाकून तारखेची वाट बघतात.

पेट स्कॅनला लागणाऱ्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. मुंबईहून अहिल्यानगरला गाडीने साडेपाच तास धरले तर पोचेपर्यंत आठवा हिस्सा उरतो. इथे निसर्गाचा नियम आडवा येतो, हे मान्य. त्यावर उपाय एकच, सायक्लोट्रॉन जवळ आणायचा.

पण बोन स्कॅनचं तसं नाही. मोलिब्डेनमचा जनरेटर वाशीहून सहा तासांनी अहिल्यानगरला पोचला तर जेमतेम सहा टक्के झड होते. म्हणजे बोन स्कॅन, किडनीचा स्कॅन, हृदयाचा स्कॅन जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात करण्यात विज्ञानाची कसलीही अडचण नाही. अडचण आहे ती विभाग नसण्याची, गॅमा कॅमेरा नसण्याची, प्रशिक्षित डॉक्टर आणि तंत्रज्ञांची पदं मंजूर नसण्याची. ही अंतरं किलोमीटरची नाहीत.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. एकाच रेषेच्या वर श्रीमंत आणि खाली गरीब अशी ती विषमता नाही, पायरीपायरीने हक्क कमी होत जातात. या औषधांचा पुरवठाही तसाच उतरतो. वर परदेशी भट्टी, मग महानगरातलं खासगी केंद्र, मग महानगरातलं सरकारी रुग्णालय, मग जिल्ह्यातलं खासगी रुग्णालय आणि सगळ्यात शेवटी जिल्ह्याचं सिव्हिल, जिथे ही तपासणी मिळावी अशी अपेक्षाही कुणी करत नाही. प्रत्येक पायरीवर थोडी थोडी गळती होते. टेलला उभा असलेला माणूस कोण असतो? भूमिहीन, ऊसतोड्या, झाडूवाला, वीटभट्टीवरचा, पालावरचा. त्यांची जात वेगळी सांगायला हवी का?

माझ्या कामातलं एक उदाहरण देते. जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका ऊसतोड करणाऱ्या ताईंना स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन आधी की औषधं आधी, हे ठरवायला डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाची तारीख मिळाली. नवरा-बायकोने मुकादमाकडून उचल घेतलेली, दोघांचा मिळून एक कोयता. ताई गेली की कोयता मोडतो आणि खाडा पडतो. तरी गेले. तिथे खिडकीवर सांगितलं, या आठवड्यात जनरेटर आलेला नाही, पुढच्या आठवड्यात या. त्याच शहरातल्या एका खासगी केंद्रात त्याच आठवड्यात स्कॅन होत होते. पैसे मोजले असते तर दुसऱ्या दिवशी झाला असता. तो स्कॅन अखेर तीन आठवड्यांनी झाला. तीन आठवडे उशीर झाल्याने आजार किती वाढला, हे मोजायची कुणाकडे सोय नाही. मुकादमाच्या वहीत मात्र खाड्यांची नोंद बरोबर होती.

टंचाई त्या आठवड्यात दोन्ही ठिकाणी होती का? पुरवठा कमी होता, हे मी मानते. पण कमी पुरवठ्यात कुणाला आधी, याचा नियमच नसेल तर पैसा हाच नियम होतो.

"हा आपला विषय नाही"

चळवळीतले काही मित्र म्हणतील, ताई, हा आपला विषय नाही. सोनई, खर्डा, जवखेडे यांच्या जिल्ह्यात राहून तुम्हाला अणुभट्टी कशी सुचते? शिष्यवृत्ती रखडली आहे, गायरानं काढून घेतली जात आहेत, आणि तुम्ही मोलिब्डेनमचं काय घेऊन बसलात?

मित्रहो, हा विषय आपला नव्हता असा एकही काळ नाही. फक्त आपल्याला त्यात बोलायला जागा नव्हती.

४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत अप्सरा ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्यानंतर ७१ दिवसांनी नागपूरला आपली दीक्षा झाली. एकाच वर्षात या देशात दोन नवी पर्वं सुरू झाली, पण ती एकमेकांना भेटली नाहीत. भेटली ती अशी : १९७६ साली, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीला लागून असलेली मानखुर्दची जनता कॉलनी पाडली. सुमारे ७०,००० कष्टकरी माणसांना तिथून उठवून ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पमध्ये नेऊन टाकलं. जॉकिन अर्पुथम यांनी त्या वस्तीसाठी कित्येक वर्षं लढा दिला, तरी ती वाचली नाही. म्हणजे विज्ञानाच्या वाट्याला जागा द्यायची वेळ आली तेव्हा ती झोपडपट्टीनेच दिली.

नोकऱ्यांचं घ्या. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात मंडल आयोगाचं आरक्षण टिकलं म्हणून आपण आनंद केला. पण त्याच निकालात न्यायालयाने काही पदांसाठी आरक्षण उचित ठरणार नाही असंही म्हटलं, आणि त्या यादीत अणुऊर्जा व अवकाश क्षेत्रातल्या संशोधन संस्थांमधली तांत्रिक पदं होती, वैद्यकीय अतिविशेष शाखाही होत्या. म्हणजे हे औषध जिथे बनतं आणि जिथे दिलं जातं, त्या दोन्ही दारांवर 'गुणवत्ता' नावाचा पहारेकरी उभा. आपण सफाईला चालतो, लिफ्टवर चालतो, स्ट्रेचर ओढायला चालतो.

आणि नावाचं काय? ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं प्लुटोनियम वापरून १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट केला. त्याला नाव दिलं हसऱ्या बुद्धाचं. ११ मे १९९८ ला पुन्हा स्फोट झाले, त्या दिवशी बुद्धपौर्णिमाच होती. ज्या तथागतांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या, सोबतच्या भिक्खूंनी टाकून दिलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुतलं, आणि माझी सेवा करायची असेल तर रुग्णाची सेवा करा असं संघाला बजावलं, त्यांचं नाव बॉम्बला! सायरस २०१० च्या ३१ डिसेंबरला बंद झाली. त्याच भट्टीने पन्नास वर्षांत रुग्णांसाठी समस्थानिकंही बनवली. ती बनवल्याबद्दल कुणी बुद्धाचं नाव घेतलं नाही.

दक्षिण आफ्रिकेकडे बघा. तिथल्या वर्णद्वेषी राजवटीने सफारी-१ बांधली, सहा अणुबॉम्बही बनवले. ते बॉम्ब नंतर मोडून टाकले आणि त्यातलं युरेनियम सफारी-१ मध्ये वैद्यकीय मोलिब्डेनम बनवण्याच्या कामी लावलं. सरकारी मालकीची ती यंत्रणा आज जगाला औषध पुरवणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकी एक आहे. बुद्ध हसायचा असेल तर अशा ठिकाणी हसेल.

बाजार हे भागवेल का?

१६ मे २०२० रोजी, आत्मनिर्भर पॅकेज जाहीर करताना केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सांगितलं की वैद्यकीय समस्थानिकांसाठी सरकारी-खासगी भागीदारीतून संशोधन अणुभट्टी उभारू. घोषणेला वर्षं उलटली. त्या भट्टीतून आजवर एकाही रुग्णाला डोस मिळालेला नाही. माझा आक्षेप उशिरापेक्षा भागीदारीच्या तत्त्वाला जास्त आहे.

भागीदारीचा हा प्रयोग कॅनडाने आधीच करून पाहिला आहे. तिथे भट्टी सरकारची होती. समस्थानिकं विकण्याचा फायद्याचा धंदा मात्र सरकारने वेगळा काढून १९९१ पर्यंत एमडीएस या खासगी कंपनीला देऊन टाकला. म्हाताऱ्या एनआरयूच्या जागी मेपल नावाच्या दोन नव्या भट्ट्या बांधायचं ठरलं. त्या बांधल्या, पण रचनेतला दोष सुटेना, म्हणून मे २००८ मध्ये प्रकल्प गुंडाळला. कंपनीने उलट सरकारी संस्थेवर १.६ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. आणि वर्षभरात एनआरयू गळायला लागली. नफा खासगी, भट्टी सरकारी, धोका जनतेचा.

श्रीमंत देशांची जी ओईसीडी नावाची संघटना आहे, तिच्या अणुऊर्जा संस्थेने या संकटानंतर अभ्यास केला. त्यात निघालं ते हे की समस्थानिकांच्या भट्ट्या सरकारांनी जनतेच्या पैशातून बांधल्या, आणि भट्टीला मिळणारा भाव इतका कमी ठेवला गेला की त्यातून नवी भट्टी बांधायला कुणी पुढे येणार नाही. बाजाराचे पुरस्कर्तेच बाजार फसल्याचं सांगत होते.

बाबासाहेबांनी यावर आधीच विचार करून ठेवला आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं सांभाळताना १९४३ मध्ये त्यांनी विजेच्या प्रश्नावर मांडणी केली. वीज मुबलक आणि स्वस्त हवी असेल तर ती नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांवर सोडून चालणार नाही, राज्याने ती हातात घेतली पाहिजे, हा त्यांचा रोख होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी महत्त्वाचे आणि पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी घटनात्मक तरतूदच सुचवली. पोटाला महाग असलेल्या माणसाला कारखानदाराशी 'स्वेच्छेने' करार करायला लावणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे त्यामागचं तर्कशास्त्र. ज्याच्या हाडात कर्करोग उतरलाय आणि ज्याच्या हातात तीन आठवडे आहेत, तो स्कॅन सेंटरशी कसली घासाघीस करणार?

"सरकारकडे पैसा कुठे आहे?" हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात तरी कुणी विचारू नये. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या कष्टावर, पण त्याच्यामागून आलेल्या सहकारी कारखानदारीला शासनाचं भागभांडवल मिळालं, शासनाची हमी मिळाली. ते योग्यच होतं. जे उसासाठी करता येतं ते रुग्णासाठी का करता येऊ नये?

दोन याद्या, दोन सहा नंबर

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत एक योगायोग आहे. संघसूचीतली सहावी नोंद अणुऊर्जेची. राज्यसूचीतली सहावी नोंद सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखान्यांची. म्हणजे औषध बनतं दिल्लीच्या सहा नंबरात आणि द्यायचं असतं मुंबईच्या सहा नंबरात. केंद्राला विचारा, ते म्हणतात रुग्णालयं राज्याची. राज्याला विचारा, ते म्हणतात अणुऊर्जा केंद्राची. दोन्ही खिडक्यांच्या मध्ये आपला माणूस फाइल घेऊन उभा.

पण कलम २१ कुठल्याच खिडकीचं नाही, ते माणसाचं आहे. पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजूर संघटनेच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. तो खटला तातडीच्या उपचारांचा होता. पण त्यातला 'वेळेवर' हा शब्द पुढे नेणं आपलं काम आहे. सहा तासांत निम्म्या होणाऱ्या औषधाइतका वेळेचा अर्थ दुसरं कोण सांगणार?

आधी साधं आरोग्य केंद्र, मग हे?

आणखी एक आक्षेप प्रामाणिक आहे. ६ नोव्हेंबर २०२१ ला आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण गेले. जिथे ही अवस्था, तिथे अणुवैद्यक विभाग मागणं म्हणजे चैन नाही का?

हा तर्क आपण पूर्वी ऐकला आहे. आधी भाकरी, मग पुस्तक. आधी प्राथमिक शाळा, मग कॉलेज. १९४६ ला बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा गावोगावी आपल्या पोरांना शाळेत वेगळं बसवत होते. सगळ्या प्राथमिक शाळा सुधारेपर्यंत ते थांबले असते, तर आज हा लेख लिहायला मी नसते आणि वाचायला तुम्ही नसता. आग न लागणारं सिव्हिलही हवं आणि त्यात गॅमा कॅमेराही हवा. पहिलं मागितलं म्हणून दुसरं सोडून द्यायचं, हा सौदा दुसऱ्या कुठल्या समाजाला कुणी सांगत नाही.

मग काय मागायचं?

६ मे २०२५ ला चौंडीत राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि अहिल्यानगरसाठी १०० विद्यार्थ्यांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. इमारतीचा नकाशा पक्का होण्याआधी बोलायची हीच वेळ आहे. माझ्या दृष्टीने पाच मागण्या आहेत. त्यांत भर घाला, दुरुस्ती करा, पण चर्चेला घ्या.

१. नव्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पहिल्यापासून अणुवैद्यक विभाग असावा. गॅमा कॅमेरा, जनरेटरची नियमित मागणी आणि मंजूर पदं एकत्र हवीत. कॅमेरा आणून धूळ खात ठेवायचा, हा अनुभव नको.

२. पुणे आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन्ही शहरं अहिल्यानगरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत. नाशिक, बीड, सोलापूर, धाराशिव हे शेजारचे जिल्हे. या पट्ट्यासाठी एक सरकारी प्रादेशिक सायक्लोट्रॉन असावा आणि त्याच्या जागेचा विचार करताना अहिल्यानगरचं नाव यादीत असावं.

३. टंचाईच्या काळात वाटपाचा जाहीर नियम असावा. पाटबंधारे खात्यात निदान कागदावर तरी 'टेल टू हेड' हे तत्त्व आहे : आधी टेलला पाणी, मग वर. तेच इथे लावा. पुरवठा कमी झाला की आधी सरकारी रुग्णालयं आणि आजाराच्या दृष्टीने तातडीचे रुग्ण, मग बाकीचे. कुठल्या आठवड्यात कुणाला किती गेलं, हे संकेतस्थळावर टाका.

४. मोलिब्डेनम आणि जनरेटरचं उत्पादन सार्वजनिक मालकीत राहावं आणि वाढावं. एक भट्टी बंद पडली तर दुसरी चालेल इतकी राखीव क्षमता हवी. ट्रॉम्बेच्या आसपास राहणाऱ्या आणि तिथे कंत्राटावर काम करणाऱ्या माणसांच्या सुरक्षेची माहिती लोकांसमोर ठेवूनच हे व्हावं.

५. अणुवैद्यकाच्या पदविका, तंत्रज्ञ आणि रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याच्या अभ्यासक्रमांसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींना पूर्ण शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती उपयोजनेतून समाजमंदिर आणि सिमेंट रस्त्यापलीकडे काही मागायची सवय आपल्यालाही लागली पाहिजे.

हे होईपर्यंत तरुण कार्यकर्त्यांनी एक काम लगेच हाती घ्यावं. माहिती अधिकारात दोन अर्ज टाका. पहिला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात : गेल्या तीन वर्षांत बोन स्कॅन, पेट स्कॅन अशा तपासण्यांसाठी किती रुग्ण बाहेर पाठवले, कुठे पाठवले, त्यांची तपासणी किती दिवसांनी झाली? दुसरा ब्रिटकडे : गेल्या तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या कुठल्या जिल्ह्यांना टेक्नेशियम जनरेटर गेले, त्यातले सरकारी रुग्णालयांना किती? उत्तर आलं तर आपल्याकडे आकडे असतील. "अशी माहिती ठेवली जात नाही" असं उत्तर आलं, तर तेही कागदावर आलेलं उत्तरच आहे. ते घेऊन जिल्हा नियोजन समितीपुढे जाऊ, आमदारांच्या दारात जाऊ, गरज पडली तर औरंगाबाद खंडपीठात जाऊ.

सोबतच प्रत्येक तालुक्यात रुग्णाला घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याने एक वही ठेवावी. तारीख, तपासणी, किती फेऱ्या, किती दिवसांची मजुरी बुडाली. मुकादमाकडे खाड्यांची वही आहे. आता दिरंगाईची वही आपल्याकडे हवी.

पुढच्या महिन्याच्या अभ्यासवर्गात हा विषय घ्या. विज्ञान शिकलेली आपली मुलंमुली आता तालुक्या-तालुक्यात आहेत, त्यांना बोलवा, फळ्यावर अर्धायुष्याचं गणित मांडायला सांगा आणि मग त्याच फळ्यावर विचारा : आपल्या वाट्याला पोचेपर्यंत किती उरतं?

जयभीम! जय संविधान!